बिलातली जादा ओळ: ग्रँड सेंट्रल परिसराचं प्रकरण

न्यूयॉर्कमध्ये ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकाच्या आसपास ज्याची ऑफिस इमारत आहे, त्याच्या मालमत्ता कराच्या बिलात एक ओळ जादा असते. मूळ कराच्या मानाने रक्कम किरकोळ, पण कर शहराच्या तिजोरीत राहतो आणि ही रक्कम राहत नाही. शहर ती वसूल करतं आणि एका बिगरनफा खासगी संस्थेच्या हाती देतं. त्या पैशातून ही संस्था फुटपाथ झाडते, गणवेशातले रखवालदार फिरवते, दिवे बसवते, कुंड्या ठेवते. मालकाने ही रक्कम थकवली तर थकलेला कर जसा इमारतीवर बोजा म्हणून चढतो, तशी हीसुद्धा चढते. खासगी संस्थेची वर्गणी, पण वसुली सरकारी.

या व्यवस्थेचं नाव ‘बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट’, बोलण्यात बीआयडी. मराठीत आपण व्यापार सुधारणा क्षेत्र म्हणू. जगात अशी क्षेत्रं पुष्कळ आहेत, एकट्या न्यूयॉर्क शहरात सत्तरहून अधिक. त्यांतलं ग्रँड सेंट्रलचं प्रकरण निवडायचं कारण असं की १९८८ ते १९९८ या दहा वर्षांत तिथे या व्यवस्थेचं कर्तृत्वही दिसलं आणि तिच्या पोटातली गाठही. पैसा कोण देतो, निर्णय कोण घेतो आणि जाब कोण विचारतो, या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगवेगळ्या जागी आहेत. सुरुवातीची काही वर्षं त्याचा कुणाला फारसा त्रास झाला नाही. मग एकदम झाला.

कल्पना मूळची अमेरिकेची नाही. कॅनडात टोरोंटोच्या ब्लूर स्ट्रीटवरच्या दुकानदारांचं गिऱ्हाईक एकीकडे नव्या भुयारी रेल्वेने आणि दुसरीकडे मॉलनी पळवलं. रस्ता सजवायला स्वखुशीची वर्गणी काढली की निम्मे देत आणि बाकीचे आयत्या बिळावर नागोबा होऊन बसत, कारण झाडं आणि दिवे लावले तर त्यांचा फायदा न देणाऱ्यालाही तेवढाच होतो. म्हणून दुकानदारांनीच कायदा मागितला, की आमच्यातल्या प्रत्येकाकडून सक्तीने घ्या. १९७० साली ब्लूर वेस्ट व्हिलेज हे जगातलं पहिलं असं क्षेत्र ठरलं. कुणाला सक्ती नको असते हे आपण गृहीत धरतो. इथे व्यापारी सक्ती मागायला सरकारदारी गेले होते.

न्यूयॉर्कची गरज वेगळी होती. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोचलं आणि सफाई कामगारांपासून पोलिसांपर्यंत सगळीकडे कपात झाली. पुढची काही वर्षं मिडटाउनचे, म्हणजे ग्रँड सेंट्रल ज्यात येतं त्या मधल्या व्यापारी भागाचे, रस्ते कळकट, कचऱ्याचे डबे ओसंडलेले आणि स्थानकाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत बेघर माणसं, असं चित्र होतं. १९८१ साली राज्याने बीआयडींसाठी कायदा केला, १९८४ मध्ये युनियन स्क्वेअरला शहरातलं पहिलं क्षेत्र उभं राहिलं. ग्रँड सेंट्रलच्या मालकांना खरी धडकी भरली ती मोबिल या तेलकंपनीने ४२व्या रस्त्यावरचं मुख्यालय व्हर्जिनियात हलवायचं ठरवलं तेव्हा. भाडेकरू गेला की भाडं जातं, भाडं गेलं की इमारतीचं मोल जातं. ग्रँड सेंट्रल पार्टनरशिप या नावाची संस्था निघाली, इमारतमालक पीटर मॅल्किन तिचे संस्थापक अध्यक्ष झाले आणि कारभार आला डॅन बीडरमन यांच्याकडे. शेजारच्या ब्रायंट पार्कचं पुनरुज्जीवन १९८० पासून हेच गृहस्थ पाहत होते. १९८८ मध्ये ग्रँड सेंट्रल पार्टनरशिपने काम सुरू केलं.

आता स्थापनेची रीत बघा, कारण पुढचं बरंचसं तिथे ठरतं. आधी क्षेत्राचा आराखडा करायचा: हद्द कुठली, सेवा कुठल्या, खर्च किती, उपकर (बिलातली ती जादा ओळ) कुठल्या सूत्राने. मग जाहीर सुनावणी. त्यानंतर ३० दिवसांत निम्म्याहून जास्त मालकांनी, कायद्याच्या भाषेत ५१ टक्क्यांनी, किंवा ५१ टक्के करपात्र मूल्य ज्यांच्याकडे आहे अशांनी लेखी हरकत घेतली, तर प्रस्ताव पडतो. मतदान होत नाही. गप्प बसलेला मालक संमतीच्या खात्यात जमा होतो. इंग्लंडने २००३ च्या कायद्याने हीच कल्पना उचलली, पण उलट बाजूने. तिथे टपालाने मतदान घ्यावं लागतं, मतांच्या संख्येने आणि मालमत्तेच्या मूल्याने असं दुहेरी बहुमत लागतं आणि पाच वर्षांनी पुन्हा कौल घ्यावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये एकदा उभं राहिलेलं क्षेत्र मुदत संपून आपोआप बंद पडत नाही.

दुसरा फरक पैसा कुणाकडून घ्यायचा यातला. इंग्लंडमध्ये सहसा जागा वापरणारा व्यवसाय आकार भरतो, न्यूयॉर्कमध्ये मालक. निदान कागदावर तरी. ग्रँड सेंट्रलचा उपकर इमारतीच्या चौरस फुटांवर बेतलेला होता. उंच इमारतींच्या त्या भागात हे सूत्र सोयीचं, कारण गगनचुंबी इमारतींचे मालक थोडे आणि क्षेत्रफळ अफाट. चौरस फुटाला काही सेंट धरले तरी वर्षाकाठी कोटभर डॉलरच्या आसपास अंदाजपत्रक उभं राहतं. पण ऑफिसांच्या भाडेकरारात बहुधा एक कलम असतं: मालमत्तेवरचे कर आणि आकार वाढले तर वाढीचा हिस्सा भाडेकरूने सोसायचा. म्हणजे बिल मालकाच्या नावाने निघतं आणि भार बऱ्याच अंशी तिसाव्या मजल्यावरच्या वकिलाच्या ऑफिसवर पडतो. हरकती मोजताना मात्र मालक हाच देणारा म्हणून मोजला जातो. हा तपशील मला या सगळ्या रचनेत सर्वांत कमी चर्चिलेला वाटतो. घरांचं काय? न्यूयॉर्कच्या बऱ्याच क्षेत्रांत निवासी मालमत्तेला वर्षाला १ डॉलर, निव्वळ नावापुरता. शासकीय आणि धर्मादाय मालमत्ता बहुतेक ठिकाणी वगळलेल्या.

कायद्याने एक छतही घातलं आहे. क्षेत्राचा वार्षिक उपकर तिथल्या करपात्र मालमत्तेवरच्या एकूण शहर कराच्या २० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. आणि बीआयडीच्या सेवा शहराच्या सेवांना पूरक हव्यात, बदली नव्हेत. शहराने आपला झाडूवाला काढून घेतला आणि बीआयडीचा लागला, तर मालकांनी तोच पैसा दोनदा भरला असं होईल.

ग्रँड सेंट्रलने इथवर थांबायचं नाही असं ठरवलं, आणि हेच त्याचं वेगळेपण. येत्या वर्षांच्या उपकराच्या जोरावर १९९२ मध्ये ३ कोटी डॉलरहून अधिक रकमेचे कर्जरोखे काढले. त्या पैशातून दिव्यांचे खांब, पाट्या, कचऱ्याचे डबे, रस्त्याच्या कडा असं सगळं एका घडणीत नवं केलं. वीस वर्षांत तुकड्यातुकड्याने झालं असतं ते चारपाच वर्षांत दिसू लागलं. हिशेबाच्या दृष्टीने निर्णय शहाणपणाचा होता. पण रोख्यांचा एक परिणाम असतो जो अंदाजपत्रकात दिसत नाही. कायदा सांगतो की डोक्यावर कर्ज बाकी असताना क्षेत्र विसर्जित करता येत नाही. संस्थेने रस्ता नवा केला आणि नकळत स्वतःचं आयुष्यही वाढवून घेतलं.

आता कारभाराकडे. कायद्यानुसार क्षेत्रासाठी एक व्यवस्थापन मंडळ लागतं आणि शहराचा करार त्याच्याशी होतो. संचालकांमध्ये मालकांचं बहुमत असलंच पाहिजे. व्यापारी भाडेकरू आणि रहिवासी यांनाही जागा लागतात, आणि चार जागा महापौर, शहराचे कंट्रोलर (वित्तप्रमुख), बरोचे (शहराच्या त्या विभागाचे) अध्यक्ष आणि स्थानिक नगरसेवक यांच्या प्रतिनिधींच्या. ग्रँड सेंट्रलमध्ये निवासी भाडेकरूंच्या वाट्याला एकच जागा आली. शिवाय करार करणारी संस्था एक आणि काम करणारी दुसरी. शहर व्यवस्थापन मंडळाशी करार करतं, मंडळ ते काम पार्टनरशिपला देतं, आणि बेघरांसाठीची सेवा पार्टनरशिपच्या आणखी एका सामाजिक सेवा संस्थेकडे. अशा रचनेत दडवादडवीच असते असं नाही, कायदेशीर जोखीम वाटून ठेवायला ती वापरतात. पण बाहेरच्या माणसाला एखाद्या कामाचा जाब कुणाला विचारायचा हे शोधायला तीन दारं वाजवावी लागतात.

भरीस भर, बीडरमन एकटे तीन संस्था चालवत होते: ग्रँड सेंट्रल, ३४वा रस्ता आणि ब्रायंट पार्क. तिन्ही मिळून त्यांचा पगार वर्षाला ३ लाख डॉलरच्या वर, महापौरांच्या पगाराहून कितीतरी जास्त. वर्तमानपत्रं त्यांना ‘मिडटाउनचे महापौर’ म्हणायची. कौतुकाने म्हणायची, पण ज्या शहरात रुडॉल्फ जुलियानी खरे महापौर होते तिथे हे विशेषण फार दिवस सुखाने मिरवता येणार नव्हतं.

काम चांगलं होत होतं, यात वाद नाही. फुटपाथ दिवसातून अनेकदा झाडले जात, रखवालदार दिसत, स्थानकाच्या दर्शनी भिंती रात्री उजळत. ज्या मालकांनी सुरुवातीला नाकं मुरडली होती त्यांचीही तक्रार उरली नव्हती. यावर जास्त शब्द खर्चत नाही, कारण स्वच्छता कुठल्याही चांगल्या बीआयडीत सापडते.

तडा गेला तो बेघरांच्या प्रश्नावर. परिसरात झोपणाऱ्या माणसांचं काय करायचं, याला पार्टनरशिपचं उत्तर कागदावर तरी नुसतं हुसकावण्याचं नव्हतं. दिवसाचं निवारा केंद्र होतं, जेवण होतं आणि ‘रोजगाराकडे’ नेणारा एक कार्यक्रम होता. बेघर माणसांना सफाई, रखवाली, ऑफिसची किरकोळ कामं द्यायची, सवय लागली की बाहेर नोकरी मिळेल, अशी कल्पना. त्यातलेच काही जण इतर बेघरांना समजावून केंद्रात आणण्याच्या पथकात घेतले गेले. ही सेवा मग बाहेरही विकली जाऊ लागली. बँकांच्या एटीएमच्या काचेच्या खोलीत रात्री लोक झोपतात, त्यांना उठवायचं कंत्राट बँकांनी दिलं.

१९९५ मध्ये या पथकातल्याच काही माजी माणसांनी उघड सांगितलं की समजावणं सोडा, आम्ही मारहाण करून लोकांना हाकलत होतो. पार्टनरशिपने आरोप नाकारले. पण केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने चौकशी करून अनुदान थांबवलं. त्याच वर्षी सिटी कौन्सिलच्या अहवालानेही बीआयडींवर शहराची देखरेख अपुरी असल्याचं म्हटलं.

दुसरं प्रकरण मजुरीचं. कार्यक्रमातल्या चाळीसएक जणांनी दावा लावला की आम्हाला तासाला १ डॉलर किंवा थोडं अधिक मिळतं. त्या काळात बरीच वर्षं केंद्राचं किमान वेतन तासाला ४.२५ डॉलर होतं. पार्टनरशिपचा बचाव असा, की ही माणसं कामगार नव्हेत, प्रशिक्षणार्थी आहेत. मार्च १९९८ मध्ये जिल्हा न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी, ज्या पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तो बचाव फेटाळला. शिकवणं कमी आणि काम करून घेणं जास्त, हा निकालाचा गाभा. स्वस्त मजुरीमुळे संस्थेला आपल्या सेवा वाढवता आल्या आणि बाहेरची कंत्राटं मिळवता आली, हेही न्यायालयाने पाहिलं.

इथे थोडं थांबायला हवं. उपकर भरणाऱ्या मालकांना या व्यवहाराने काहीच तोशीस पडत नव्हती. उलट त्यांचा पैसा पुरत होता, परिसर मोकळा होत होता. मंडळावर बहुमत त्यांचं. मग त्या खोलीत ‘हे बरोबर आहे का’ असं विचारायचं कुणाला काय कारण होतं? ज्यांच्याबद्दल निर्णय होत होते त्यांचं मालमत्ता कराच्या बिलाशी नातंच नव्हतं. चार सरकारी प्रतिनिधी होते खरे, पण मोठ्या मंडळात चार खुर्च्या म्हणजे बैठकीची इतिवृत्तं मिळण्याची सोय. दुष्ट माणसं शोधायची गरज नाही. सूत्र चौरस फुटांचं असलं की काळजीही चौरस फुटांचीच होते.

१९९८ मध्येच तिसरं प्रकरण, तेही न्यायालयात, निकाली निघालं, आणि अभ्यासाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचं. क्षेत्रातल्या एका सहकारी इमारतीच्या फ्लॅटधारकांनी विचारलं की, हे मंडळ सक्तीचा पैसा खर्च करतं, रखवालदार नेमतं, मग त्याच्या निवडणुकीला ‘एक माणूस, एक मत’ हे घटनेचं तत्त्व का लागू नाही? मालकांना कायद्यानेच बहुमत कसं? अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी फ्लॅटधारकांचं म्हणणं फेटाळलं. न्यायालयाचं कारण दुहेरी होतं. मंडळाचं काम मर्यादित आहे आणि त्याचा भार प्रामुख्याने मालकांवर पडतो, म्हणून मालकांना झुकतं माप देता येतं. दुसरं, मंडळ सार्वभौम नाही, शहराचं त्याच्यावर नियंत्रण आहे. शेवटचा शब्द निवडून आलेल्या सरकारचाच. विरोधी मत न्यायाधीश जॅक वाइनस्टीन यांचं: सुरक्षा, सफाई, बेघरांची सेवा ही कामं शासनाचीच आहेत, मग त्यांना लोकशाहीचा नियम का नको?

बहुमताच्या निकालातला शहराच्या नियंत्रणाचा मुद्दा नीट तपासून पाहावा असा आहे, आणि त्याची कसोटी निकालाच्या थोडं आधीच लावली होती जुलियानींनी. १९९८ च्या उन्हाळ्यात शहराने जाहीर केलं की ग्रँड सेंट्रलशी केलेला करार संपला आहे आणि तो नव्याने करणार नाही. कारणं सांगितली ती पगाराची, एकाच माणसाने अनेक संस्था चालवण्याची आणि शहराला न जुमानण्याची. क्षेत्र विसर्जित करणं सोपं नव्हतं. त्याला सिटी कौन्सिलचा कायदा लागतो, मालकांनी अर्ज केला तर त्यालाही ५१ टक्क्यांची अट, आणि वर कर्जरोखे बाकी. पण करार नसेल तर वित्त विभागाने गोळा केलेला पैसा द्यायचा कुणाला? उपकर निघत राहणार, रोखेधारकांचे हप्ते पडत राहणार आणि झाडूवाल्यांचा पगार अडकणार. नाक दाबलं की तोंड उघडतं. मालकांनी संस्था वाचवायची की तिचा कारभारी, याचा हिशेब केला. बीडरमन यांनी ग्रँड सेंट्रल सोडलं. करार पुढे झाला, नवे प्रमुख आले, फुटपाथ झाडले जात राहिले.

म्हणजे न्यायालय म्हणालं ते खरं निघालं का? शहराचं नियंत्रण होतं, एवढंच खरं. पण ते होतं कुऱ्हाडीसारखं. १९९५ मध्ये मारहाणीचे आरोप आले तेव्हा हवी होती ती कातर: एखादं कंत्राट थांबवणं, एखाद्या पथकाचा हिशेब मागणं, मंडळावर त्या माणसांच्या बाजूने बोलणारं कुणी बसवणं. तशी सोय नव्हती. वापरता येण्यासारखं एकच हत्यार होतं आणि ते महापौरांच्या मर्जीनेच निघणार. आणि मर्जी फिरली त्यात बेघरांच्या मजुरीपेक्षा कारभाऱ्याच्या वाढत्या प्रस्थाचा वाटा मोठा होता, असं माझं मत. योग्य गोष्ट चुकीच्या कारणासाठी झाली असं कुणी म्हणेल. मला ती अर्धीच झालेली दिसते, कारण मंडळाची रचना, मालकांचं कायदेशीर बहुमत, रहिवाशांची एक जागा, यातलं काहीच त्या उन्हाळ्यात बदललं नाही.

जुलियानींच्या वाराची मर्यादा आणखी एका ठिकाणी दिसते. ग्रँड सेंट्रल गेल्यावरही बीडरमन ब्रायंट पार्क चालवत राहिले. ते क्षेत्रही बीआयडीच, पण पैशाची रचना निराळी. मालकांचा उपकर तिथे एकूण उत्पन्नाचा लहानसा भाग. बाकीचा पैसा उद्यानातल्या रेस्टॉरंटच्या भाड्यातून, हिवाळ्यातल्या बाजारातून आणि बर्फाच्या रिंगणाच्या प्रायोजकांकडून येतो. अशा संस्थेला वित्त विभागाचा धनादेश उशिरा आला तर अडचण होईल, श्वास कोंडणार नाही. तिथे शहराच्या हाती उरतो तो जागेच्या वापराचा करार. आणि उद्यान सार्वजनिक असल्याने प्रश्नही बदलतो: हिवाळाभर हिरवळीवर रिंगण थाटायचं की ती मोकळी ठेवायची, हे मालकांना, महापौरांना की तिथे खुर्ची ओढून बसणाऱ्याला विचारायचं?

ग्रँड सेंट्रल पार्टनरशिप आजही आहे. हद्द वाढून सत्तरच्या आसपास ब्लॉक झाली. मंडळावर मालकांचं बहुमत आहे, चार सरकारी खुर्च्या आहेत, आणि मालमत्ता कराच्या बिलात ती ओळ दरवर्षी येते.